चौथा पाहुणा

गंगापूरची जीप भरेपर्यंत सदाशिवरावांनी पेपर तोंडासमोर धरला आणि कान मागच्या सीटवरच्या बाप-लेकीकडं लावला.

"प्रेरणा, तीन स्थळांनी नकार दिला. म्हंजी आज चौथं होकारच देणार."

"आबा, नाण्याला मागचं काय पडलं ते आठवतं व्हय? तसलं हुशार नाणं घावलं, तर त्याच्याशीच लग्न करते."

"बरं, निम्मा चान्स तर हाय."

"तिघांनी एकच इचारलं, शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी सोडशील का. यानं नाय इचारलं, तर चान्स लई. इचारलं, तर शून्य."

आबांनी तिथंच फोन लावला.

"पाव्हणं, पोरगी नोकरी सोडणार नाय. चालंल?"

पलीकडचं बोलणं लांबलं. आबांनी मधेच फोन कापून घरी लावला.

"द्वारका, पोहे भिजवू नको."