मागच्या खोलीतला आवाज

गावच्या ग्रंथालयात रांगेत माझ्या पुढे काळा चष्मा लावलेल्या एक काकू होत्या. डोळ्यांनी दगा दिला म्हणून आता बोलकी पुस्तकं ऐकायची, असं त्या सांगत होत्या. ग्रंथपालबाईंनी त्यांच्या कानांना हेडफोन लावून दिला.

"अगं बाई! हे कोण वाचतंय?"

"आमचे एक काका आहेत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. का, आवाज बरा नाही?"

"अहो, हे तर आमचे हे आहेत!"

"काय सांगता! तुमचे मिस्टर?"

"घरात 'हं'च्या पलीकडे शब्द फुटत नाही तोंडातून. भाजी अळणी झाली तरी मुकाट्यानं जेवतात. रोज सकाळी फिरायला जातो म्हणून निघतात."

"फिरायला कसले? इथंच येतात. मागच्या खोलीत पूर्वी फाटकी पुस्तकं रचलेली असायची. काकांनीच मागे लागून ती रिकामी करून घेतली, रेकॉर्डिंगसाठी."

"थांबा... हसले! अहो, हे हसतायत! आणि आता नायिकेचं बोलणं बाईच्या आवाजात!"

"मुलांना तर त्यांचा राक्षस फार आवडतो."

"राक्षससुद्धा करतात?"

"काकू, आधी खुर्चीवर बसा बघू."

"आणि मी म्हणायची, माणूस जन्माचा घुमा आहे."

"आत्ता आतच आहेत. बोलावू का?"

"नको हो. मला पाहिलं की गप्प होतील."