चारुताचं अर्धं वाक्य

—नाही नाही, नुसत्या फायली काढून नाही चालणार, दत्ताभाऊ, तेच तर मघापासून सांगतेय. जसंच्या तसं हवंय मला. या जुन्या डिस्कवरचं अख्खं विंडोज उचलायचं आणि नव्या डिस्कवर ठेवायचं — जागचं काही हलता कामा नये. का म्हणजे? अहो, माझ्या दिरानं, सत्यजीतनं, माझ्या मुलीसाठी बनवलेला प्रोग्रॅम आहे त्यात. बाजारात मिळत नाही तो. त्यानं विंडोजच्या पोटात कुठं कुठं काय काय घालून ठेवलंय ते त्याचं त्याला ठाऊक — आणि खरं सांगू, आता त्यालाही नाही ठाऊक. मस्कतला फोन लावला होता, तर म्हणतो, "वहिनी, मीच विसरलोय कसं जुळवलं होतं ते. फ्लॉप्या आहेत ना?" आहेत की. या बघा. कपाटात साड्यांच्या मागे जपून ठेवल्या होत्या — आणि ही बघा बुरशी. पनवेलचा पावसाळा पापडाला सोडत नाही, फ्लॉपीला सोडणार? म्हणून म्हटलं, डिस्क आहे तोवर तिच्यावरूनच उचला. तो आवाज — टक्, टक् — अजून येतोच आहे का? येतोय. बरं.

काय? फ्रीजमध्ये? थट्टा करताय माझी? — खरंच? गार केली की थोडा वेळ चालते? बाई गं. म्हणजे तुमचे सगळे उपाय संपले असं समजू का मी? नाही, सांगू नका. द्या इकडे. पिशवी घट्ट बांधलीत ना, पाणी नको शिरायला. ही ठेवली दह्याच्या पातेल्याशेजारी. आता बसायचं. चहा घ्या, निवतोय.

आत पडलेली बघितलीत ना मघाशी — ती चारुता. ऐकतेय ती आपलं. कळतं का म्हणजे? तुम्हीही तेच विचारलंत! जन्मताना गुदमरली होती, हातपाय तिच्या ताब्यात नाहीत, जीभ नाही. पण डोकं लख्ख आहे, दत्ताभाऊ, लख्ख. आणि हे कुणाला माहीत होतं? मला नव्हतं माहीत. आई असून. सत्यजीतनं हे मांडून दिलं तेव्हा कळलं — पडद्यावर एकेक अक्षर पुढं सरकतं, हवं ते आलं की हनुवटीनं हे लाल बटण दाबायचं. रिक्षाच्या हॉर्नचं बटण आहे ते, खास शोधून आणलं होतं त्यानं. आणि पहिलं काय लिहिलं असेल तिनं? मला वाटलं, आई लिहील. सगळे उभे, पेढे आणलेले, अख्खी दुपार गेली त्यात. लिहिलं — "हळद दूध नको". हसताय ना? आम्हीही हसलो. मग मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. कारण ती लहान होती तेव्हापासून मी तिला रोज — रोज हो — हळद घातलेलं दूध पाजत होते. ती तोंड वाकडं करायची आणि मी त्याला हसू समजायचे. आल्यागेल्याला सांगायचे, बघा, दूध दिसलं की कशी हसते माझी चारू. तेव्हापासून मी ठरवलं, आपण काही समजायचं नाही. विचारायचं.

म्हणून आजच व्हायला हवं हे. उद्या सकाळी गाडी येणार आहे. नेरळच्या पलीकडं एक संस्था आहे, अशी मुलं ठेवतात तिथं, चांगले लोक आहेत. ह्यांचं म्हणणं पडलं, तिथं ठेवूया. पुरुषांचं असंच असतं, ठरवून मोकळे होतात. आता इतके दिवस शुक्री होती म्हणून चाललं — कोन गावाच्या पलीकडच्या वाडीवरची बाई, दोघी मिळून उचलायचो हिला, आंघोळ, कपडे, सगळं. दिवाळी झाली तशी म्हणाली, "बाय, आमी भट्टीवर चाललो. आता पावसालाच येनार, तवर नाय." तिचा काय दोष? वीटभट्टीवर अख्खं कुटुंब जातं तिचं, ती मागे कशी राहणार? पण माझा मणका सरकलाय. डॉक्टर म्हणाले, आणखी उचललंत तर तुम्हीच अंथरुणाला खिळाल, मग दोघींना कोण उचलणार? मुलगी वाढते हो. देवानं तिचं काही थांबवलं नाही, वाढायचं तेवढं नीट वाढवलं.

तर मी म्हटलं, तिला विचारल्याशिवाय नाही. विचारलं. इथं, या खुर्चीशी बसून. जाशील का तिथं, चारू? आणि उठून स्वयंपाकघरात गेले, कारण मी समोर असले की ती लिहीत नाही, माझ्या तोंडाकडं बघत बसते. ओट्याला टेकून ऐकत होते. बटण वाजलं. बऱ्याच वेळानं परत वाजलं. परत. आणि मग हा दुसरा आवाज सुरू झाला, टक् टक् टक् — मला वाटलं तीच दाबतेय भराभर, रागानं. धावत आले तर पडदा गोठलेला. त्यावर एवढंच — "मला". बस. मला काय? मला जायचंय? मला नाही जायचं? मला विचारू नका? काहीही असू शकतं हो, मराठीत काहीही येतं मला-च्या पुढं!

तोंडानं अक्षरं म्हणून बघा? बघितलं. तेही केलं. अ पासून म्हणत गेले, म्हटलं हवं तिथं हनुवटी हलव. ज्ञ आला. नाही हलवली. परत अ पासून. नुसती बघत राहिली माझ्याकडं, डोळ्यांतून पाणी, आणि मान ताठ, मुद्दाम ताठ. तिला एवढी मान धरता येते हे मला ठाऊक नव्हतं. मशीनला सांगेल ती, मला नाही सांगणार. मशीनचा चेहरा पडत नाही ना.

हे? गॅलरीत आहेत. सकाळपासून पोटात काही नाही. तेच तेच बोलतात — आशा, नको पाठवू गं, मी नोकरी सोडतो, मी उचलीन तिला, वेड्यासारखं, अहो, सोडून खायचं काय, आणि आंघोळ कोण घालणार तिला, आता ती काय लहान आहे — काय? हो. मघाशी म्हणाले मी, ह्यांचं म्हणणं म्हणून. म्हणाले असेन. संस्था मी बघून आले. एकटीच गेले होते, घरी सांगितलं नव्हतं. खाटा मोजल्या... खिडकीपाशी एक रिकामी होती, म्हटलं ती द्या. मीच म्हटलं. बरं? झालं समाधान?

गार झाली असेल आता. थांबा, आणते. — घ्या. जोडा. अशी की अशी? तुम्हीच बघा बाई. — लागली? वाचतेय ती? दत्ताभाऊ, पट्टा सरकला! तो निळा पट्टा, सरकला ना पुढं? नको, बोलू नका, चालू दे. चारू, येतंय गं, येतंय तुझं मशीन! — सरक. सरक बाई. — थांबला का? विचार करत असेल. मोठी फाईल असेल एखादी. — आवाज थांबला. टक् टक् बंद झालं, बघा, म्हणजे बरंच ना? आवाज नाही म्हणजे बरं ना, दत्ताभाऊ?

अच्छा. फिरतच नाहीय.

नाही, परत फ्रीजमध्ये नको. तुमच्या तोंडावर दिसतंय मला. मुंबईला कुणी उघडून बघेल? कधी? महिन्यांनी — आणि तेही नक्की नाही. बरं. नव्या डिस्कवर कोरं विंडोज टाकून देताय? टाकाल हो. कोऱ्यावर काय करू मी, पत्ते खेळू? नको. तुमचा काही दोष नाही, तुम्ही केलंत तेवढं केलंत. गोळा करा सामान. ते पेचकस राहिलं बघा खुर्चीखाली.

— आले गं, चारू, आले! — ऐकलंत? ही तिची हाक. पाणी हवं असेल. नाहीतर कूस बदलायची असेल. नाहीतर तुम्ही गेलात का विचारत असेल, नाहीतर — निघा तुम्ही आता, दत्ताभाऊ. दार ओढून घ्या.