शाळेपुढचे पट्टे आणि सतरा डॉमिनोवाले

...आणि वर मलाच म्हणतात, "नेरिस, तू फार काळजी करतेस!" करणारच ना! माझी टालिया पाच वर्षांची, शाळा रस्त्याच्या पलीकडे, आणि त्या वळणावरून प्रवासी व्हॅनवाले ठणाणा गाणी लावून असे सुटतात, की जणू मागे पोलीस लागलेत! मला काय पाहिजे? पट्टे! पांढरे पट्टे, पोरांना रस्ता ओलांडायला. बास!

तर तुम्हाला सांगते, आमच्या खासदारांचा निरोप आला, "स्वातंत्र्यदिनाआधी गावाचं एक काम करून देतो, कोणतं ते मतं घेऊन ठरवा." मी धाकट्याला काखोटीला मारलं नि चर्चच्या हॉलमध्ये पळाले. तिथं कॅरिंग्टन सर आधीच उभे! रिटायर झाले, पण हातातला खडू काही सुटत नाही.

"आधी मतं मोजायची कशी ते ठरवा! ज्याला जास्त, त्यालाच सगळं? संसदेच्या तीसच्या तीस जागा एका पक्षाला मिळतात आपल्या या बेटावर! बाकीच्यांना मत देणारे काय समुद्रात राहतात? जितकी मतं तितका वाटा द्या!"

फिशकेक तळणाऱ्या आन्टी वेल्डा उठल्या. "म्हणजे पक्षाच्या यादीतून माणसं येणार, गावाचा असा खासदारच नाही. मग मास्तर, खड्डा पडला की मी कोणाच्या दारात ओरडू? यादीच्या? यादीला दार असतं होय?"

"आत्ता दार आहे, पण उघडतं का?"

झालं! तासभर दार, यादी, यादी, दार... धाकट्यानं माझा खांदा ओला केला, तरी हे तिथंच. आणि मला काय पाहिजे? पट्टे!

शेवटी आन्टींच्या पद्धतीनं, ज्याला जास्त त्यालाच सगळं, हात वर. पट्टे, चौदा. गतिरोधक, नऊ, त्यात माझी सख्खी आई! "अगं, पट्टे पुसले जातात, उंचवटा कसा कायमचा!" आई, हे आत्ता सुचलं? मुलांना हात धरून नेणारा माणूस, आठ. आणि रमच्या दुकानापुढच्या डॉमिनोवाल्यांनी, खेळायच्या टेबलांवर छप्पर पाहिजे म्हणून, सतरा हात एकदम वर केले, ठोकळा आपटावा तसे... फाट्! छप्पर जिंकलं! एकतीस जणांना पोरांची काळजी, आणि जिंकलं काय? छप्पर!

"बघा, माझा मुद्दा सिद्ध झाला!" सर खुशीत. खुशीत हो! अहो सर, तुमचा मुद्दा रोज सकाळी रस्ता ओलांडतो का?

मी तिथंच रडायला लागले. हात मोजायला आलेला खासदारांचा माणूस घाबरला. "ताई, रडू नका, सरांच्या पद्धतीनं वाटून टाकू, कोणीच नाराज नको."

वाटलं की! छप्पर एका टेबलापुरतं. गतिरोधक रस्त्याच्या एकाच बाजूला, व्हॅनवाले त्याला वळसा घालून आणखी जोरात. हात धरणारा माणूस फक्त मंगळवारी. आणि पट्टे? आले ना! आमच्या बाजूनं सुरू होतात, बरोबर मध्यावर संपतात.

आता सर म्हणतात माझी पद्धत जिंकली, आन्टी म्हणतात माझी. मी? रोज टालियाचा हात धरते, अर्धा रस्ता आम्ही नागरिकांसारख्या ऐटीत चालतो... आणि उरलेला, जीव मुठीत धरून पळतो.