चौदा ट्रायफल आणि एक भाडेकरू

नाही, म्हणजे हीटर लावायचा नाही, हे मला मान्य आहे. पूर्ण मान्य. मार्च महिन्यात घरातल्या घरात ओव्हरकोट, डोक्याला लोकरीची टोपी, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, अशा थाटात आम्ही टीव्हीसमोर बसायचो, आणि बोललं की तोंडातून वाफ यायची, मग ती वाफ वाया जाऊ नये म्हणून कुणी बोलायचंसुद्धा नाही... तेही मान्य. दिवसच तसे आहेत, वीज-गॅसचे भाव कडाडलेले. पण तुम्हाला सांगते, त्याच घरात एप्रिलमध्ये एक दिवस मी जिन्याखालचं कपाट उघडते काय, आणि आतून धबाधब माझ्या अंगावर पताका कोसळतात काय! लाल, पांढऱ्या, निळ्या, संपतच नाहीत. मी त्यात गळ्यापर्यंत अडकलेली, आणि सासूबाई दारात येऊन काय म्हणाव्यात? लागलं का? छे. म्हणाल्या, "जपून गं, चुरगळतील." आणि मग मी काही विचारलेलं नसताना, आपणहून, "राज्याभिषेक काय रोज रोज होतो का?"

आता माझं लग्न. तेही काही रोज रोज होत नाही, असा आपला माझा समज होता. पण सासूबाई म्हणाल्या, गाजावाजा नको. आम्ही म्हटलं, बरं. माझा नवरा कॅलम कामाला जातो त्या गोदामात पाळ्या कमी झालेल्या, माझं दुकान आठवड्यातून निम्मे दिवस बंद, कोण गाजावाजा करतंय. नोंदणी कचेरीत सह्या केल्या, माझी आई बसने आली, पबच्या कोपऱ्यात चिप्सच्या एका ताटलीभोवती आम्ही चौघं बसलो, आई बसने गेली. संपलं लग्न. केक नाही, आणि केकचं मला काही नव्हतं हो, मला गोड फारसं आवडतही नाही. पण कुणीतरी "केक करू या का?" असं नुसतं विचारायला काय हरकत होती? मी नकोच म्हटलं असतं. पण नकोच म्हणायची संधी तरी...

ते जाऊ द्या. तर राज्याभिषेक. आमच्या इंग्लंडच्या नव्या राजाचा.

आमचा फर्नक्लिफ रस्ता म्हणजे एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांच्या दोन रांगा, मध्ये रस्ता, पलीकडे बंद पडलेली गिरणी. या रस्त्यावर हिवाळाभर म्हणे कुणाच्या खिडकीत दिवा लागायचा नाही. आमच्या शेजारचे नेव्हिल, बायको गेल्यापासून एकटेच असतात, ते तर दिवसभर चर्चच्या हॉलमध्ये जाऊन बसायचे, कारण तिथे ऊब फुकट मिळते, आणि मंगळवारी बीन्सचे डबेही मिळतात. हेच नेव्हिल एका सकाळी रस्त्यातून येताना दिसले ते काखेत राजा घेऊन. पुठ्ठ्याचा. पुरुषभर उंचीचा, छातीवर पदकं लावलेला. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, बीन्सवरून नाहीतर कशावरून तरी. तर डोळे भरून आलेले. म्हणाल्या, किती देखणा दिसतोय. आणि नेव्हिलनी फाटकापाशी टोपी उचलून तेच वाक्य टाकलं. राज्याभिषेक काय रोज रोज होतो का. मला तर वाटायला लागलं होतं की सरकारने हे वाक्य घरोघर वाटलंय.

मग ठरलं की रस्ता बंद करायचा, मधोमध टेबलं मांडायची आणि सगळ्यांनी एकत्र जेवायचं. कुणी काय आणायचं? तर तुम्हाला आमच्या लोकांची रीत ठाऊकच आहे. समोरच्याला "तू अमुक आण" असं सांगायचं म्हणजे केवढा उद्धटपणा! सासूबाई घरोघर जाऊन एकच सांगून आल्या, "काहीतरी छोटंसं आणा हो, मुद्दाम त्रास नका घेऊ." आणि प्रत्येक दारातून एकच उत्तर, "छे छे, त्रास कसला." झालं नियोजन. मी एकदा, एकदाच, हळूच म्हटलं, की कोण काय आणणार ते विचारायचं का? सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लोकांच्या न्हाणीघराची चौकशी करायला सांगितली.

आता विचार करा. ओव्हन कुणालाच लावायचा नाही, विजेचा भाव तुम्हाला माहीत आहे. ओव्हन न लावता, आदल्या दिवशी करून ठेवता येईल आणि राजाच्या इतमामाला शोभेल, असा पदार्थ कोणता? ट्रायफल. तळाशी शिळा केक, त्यावर जेली, त्यावर कस्टर्ड, त्यावर साय, काचेच्या भांड्यात थर कसे झकास दिसतात. आमच्याकडेही तेच. रस्त्यातल्या प्रत्येक घरात, पडद्याआड, प्रत्येकाला वाटत होतं की ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचलीय.

चौदा. चौदा ट्रायफल! सँडविच नाही, सॉसेज नाही, पावाचा तुकडा नाही. लांबलचक टेबल, त्यावर कागदी झेंडे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते काचेचे वाडगे थरथरतायत. आणि कुणी काही बोललं का? नाव नका घेऊ. जो तो आपला वाडगा ठेवायचा, टेबलावरून नजर फिरवायचा, क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "वा, छान." नेव्हिल तर म्हणाले, अरे वा, भरपूर व्हरायटी आहे. एकात स्ट्रॉबेरी होती, त्यावरून.

आणि पाऊस. तो येणारच. पण आमच्या रस्त्याने पावसाला पाऊस म्हणायला नकार दिला. आधी म्हणे दमट हवा आहे. मग म्हणे जरासं शिंपडतंय. पुठ्ठ्याचा राजा कमरेतून वाकायला लागला, तेव्हा त्याला कुणीतरी काठीचा टेकू दिला, आणि सगळे आपापल्या खुर्चीत, कोट घालून, वाडग्यावर एक हात आडवा धरून, दुसऱ्या हाताने खातायत. सासूबाईंच्या डोक्यावर लग्नकार्याची टोपी. निळी, पिसांची. माझ्या लग्नाला त्यांनी ती घातली नव्हती, हे मी आपलं सहज सांगते.

सगळे थांबले होते ते बाल्कनीसाठी. राजा मुकुट घालून महालाच्या बाल्कनीत येतो, हात हलवतो, तो क्षण. नेव्हिलच्या पुढच्या खोलीत टीव्ही लावून ठेवलेला, खिडकी उघडी. आणि सासूबाई तर आठवडाभर दुसरं काही बोलतच नव्हत्या. मागच्या राणीच्या राज्याभिषेकाला त्यांची आई, आत्या, सगळं गणगोत रस्त्यातल्या एकुलत्या एका टीव्हीपुढे गर्दी करून बसलं होतं, त्याच्या गोष्टी ऐकत त्या वाढल्या, आणि आपण जन्मालाच उशिरा आलो, हे शल्य त्यांनी जन्मभर जपलेलं. या वेळी त्या पहिल्या रांगेत बसणार होत्या. नेव्हिलच्या सोफ्यावर आपला हातरुमाल टाकून जागाही धरून आल्या होत्या.

आता इथे येतात पिलिंगबाई. आमच्या रस्त्यातल्या सर्वांत वयस्कर, कानाने अधू, म्हणून जगालाच बहिरं समजून बोलतात. मी त्यांच्या कपात चहा ओतत होते, तर त्यांनी माझा हात धरला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाईंना म्हणाल्या, "नोरीन, तुझी ही भाडेकरू पोरगी फार गुणाची आहे गं. चांगलं भाडं देते ना?"

भाडेकरू.

मी लग्न होऊन या रस्त्यावर आले तेव्हापासून सगळे मला किती गोड हसायचे, "कसं काय, बाळा, रमलीस ना?" विचारायचे, आणि मला वाटायचं, नव्या सुनेचं कौतुक चाललंय. अहो, या लोकांना वाटत होतं सासूबाईंनी हातखर्चासाठी मागची खोली भाड्याने दिलीय! कारण सासूबाईंनी लग्नाचं कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर बोलवायला हवं, बोलवलं तर खायला घालायला हवं. आणि कॅलम रात्रपाळीला, दिवसा झोपलेला, आम्ही दोघं एकत्र दिसायचो कधी? मला तोंड उघडून सांगता आलं असतं. पण मी ही अशी. आणि त्यांना विचारता आलं असतं. पण ते तसे.

चमचे जागच्या जागी. आणि तेवढ्यात नेव्हिल, बिचारे लालबुंद होऊन, "म्हणजे, नोरीन, मी बोलणार नव्हतो... पण मागच्या बोळात, कचऱ्याच्या डब्यांपाशी, तुझा कॅलम आणि ही भाडेकरू... मी आपला लगेच पडदा ओढला." कॅलमने ट्रायफलमध्ये तोंड घातलं. मी चहाची किटली तशीच धरून उभी. मला काय हवं होतं सांगू? एक वाक्य हवं होतं. माझ्याकडून नाही, कॅलमकडूनही नाही.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. पिसांवरून पाणी ठिबकत होतं. म्हणाल्या, "ती भाडेकरू नाही. माझी सून आहे. मार्चमध्ये लग्न झालंय."

"काय?" पिलिंगबाई.

"सून! माझी सून!" सासूबाई ओरडल्या. त्यांना ओरडताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. गिरणीच्या भिंतीवरून आवाज परत आला.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. आमचे लोक भांडत नाहीत, दुखावतात. "अरे, किती छान. आम्हाला माहीतच नव्हतं." "हो ना, कळलं असतं तर किती आनंद झाला असता." प्रत्येक वाक्य मधात बुडवलेलं आणि आत टाचणी. सासूबाई माझ्यासमोर इंचाइंचाने लहान होत होत्या. शेवटी पिलिंगबाईंनीच टेबलावर काठी आपटली आणि म्हणाल्या, पताका लावलेल्या आहेत, रस्ता बंद आहे, गोड भरपूर आहे, मग लग्न आत्ताच करून टाका की. पोरांच्या फोटोसाठी बागेतल्या दोन खुर्च्यांवर लाल घोंगड्या टाकून सिंहासनं केलेली होती. आम्हाला दोघांना धरून त्यावर बसवलं. डोक्यावर सोनेरी कागदाचे मुकुट. एका बाजूला मोडलेला राजा. सगळ्यांनी कप उचलले, नेव्हिल खाकरले, "तर मंडळी, आपल्या कॅलमच्या आणि त्याच्या... हिच्या..." नाव कुणाला माहीत असणार! "बेथनी," मी म्हटलं. "बेथनीच्या..."

आणि खिडकीतून टीव्हीवरची गर्दी गर्जली.

बाल्कनी!

तुम्हाला सांगते, इतक्या वेगाने रिकामा होताना रस्ता मी कधी पाहिला नाही. कप हवेतच राहिले म्हणायला हरकत नाही. नेव्हिल पुढे, पोरं मागे, पिलिंगबाई काठी विसरून. कॅलम माझ्याकडे बघतोय, नेव्हिलच्या दाराकडे बघतोय, पुन्हा माझ्याकडे. मी म्हटलं, जा. तो म्हणाला, नको, खरंच नको... मी म्हटलं, जा रे, राज्याभिषेक काय रोज रोज होतो का. गेला. मुकुटासकट.

मग रस्त्यावर उरले कोण? चौदा ट्रायफल, मी सिंहासनावर, आणि आता मात्र सरळसरळ पाऊस. कागदाच्या मुकुटाचा सोनेरी रंग माझ्या नाकावरून ओघळत होता. आणि मला हसू यायला लागलं, अगदी मनापासून. तेवढ्यात डोक्यावरचा पाऊस थांबला. वर बघते, तर छत्री. मागे सासूबाई.

लग्न झाल्यापासून त्यांना हाक काय मारायची, हे मला ठरवता आलं नव्हतं. त्या म्हणायच्या नोरीन म्हण, पण जीभ वळायची नाही, म्हणून मी नुसती समोर जाऊन उभी राहायचे. त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, "नोरीन, जा ना. बाल्कनी चुकेल. तुमची जागा धरलेली आहे."

"गप बस," म्हणाल्या. "हलू नकोस. मुकुट विरघळतोय."

आतून टीव्हीवर जयजयकार चाललेला, नेव्हिलच्या खिडकीत सगळ्यांच्या पाठी दिसतायत. त्यांनी एकदाच तिकडे मान वळवली, एकदाच, आणि परत फिरवली. मग टेबलावरचा एक वाडगा ओढला, माझ्या हातात चमचा दिला आणि छत्रीकडे बघत म्हणाल्या, "केक करायला हवा होता गं मी."

मी म्हटलं, नको हो, मुद्दाम त्रास कशाला. आणि इतका पाणचट ट्रायफल मी आयुष्यात इतक्या आवडीने खाल्ला नाही.

इथेच थांबायला हवं होतं, नाही का? पण नाही. कारण आता रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक आहे की मी सून आहे, आणि सासूबाईंना ठाऊक आहे की सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानात, दवाखान्याच्या रांगेत, पोस्टमनला दारात थांबवून, रोज सकाळ-संध्याकाळ त्या तेच सांगतात... की सगळं जग बाल्कनी बघत होतं, महालावरून सलामीची विमानं गेली, राजाने हात हलवला, आणि मी कुठे होते? हिच्या डोक्यावर छत्री धरून. पहिल्या रांगेतली जागा सोडून. मग माझ्याकडे बघून एक सुस्कारा. परवा गारठा होता म्हणून मी हीटरच्या बटणाकडे नुसतं बोट नेलं, तर म्हणाल्या, भाडेकरू असतीस तर लावावाच लागला असता, पण तू घरची आहेस, स्वेटर घाल. आणि वर, तुझ्यासाठी मी बाल्कनी सोडली, राज्याभिषेक काय रोज रोज होतो का?

होतो हो. आमच्या घरी रोज होतो.