न थांबणाऱ्या गाडीतला गठ्ठा

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आदरणीय मन्मथअप्पा, व्यासपीठावरचे रेल्वेचे आणि वृत्तपत्रांचे सन्माननीय पाहुणे, जिच्यासाठी आपण इथं जमलो ती आपली अमीरबी खाला, आणि उमरी-मुखेडहून गाड्या करून नांदेडला आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मघाशी शाल पांघरताना खाला माझ्या कानात पुटपुटली, "संगमेश, लई लांबवू नको. लोकायला भुका लागल्यात." पंचाहत्तरी उलटून गेली, पण गिऱ्हाइकाची काळजी सुटत नाही! आज ती उमरी स्टेशनावरचा पेपरचा ठेला नातीच्या, अर्शीच्या हाती सोपवून मोकळी होते आहे. तिच्या सत्कारात बोलायचा मान मला का मिळाला? मी काही पत्रकार नाही, रेल्वेतलाही नाही. पण आमच्या घरावर तिचं जे ऋण आहे, ते सांगितल्याशिवाय मला खाली बसवणार नाही.

एकाहत्तर साल. उमरीत पेपरची एजन्सी खाजामियाँची होती. सायकलवरून पडून त्यांचा पाय मोडला आणि त्यांची नवी नवरी अमीरबी फलाटावर जाऊन उभी राहिली. बाईमाणूस स्टेशनात? गावानं नाकं मुरडली. तेवढ्यात लढाई सुरू झाली, आणि नाकं मुरडणारेच सकाळी सगळ्यांत आधी तिच्यापुढं हात पसरू लागले. रेडिओ होते हो, पण किती घरांत? आणि ऐकलेल्यापेक्षा छापलेल्यावर माणसाचा भरवसा जास्त.

पण लढाईत फौजेच्या गाड्यांना वाट आधी. आमच्या पेपरच्या गाडीचा उमरीचा थांबाच काढून टाकला. गठ्ठा डोळ्यांसमोरून धर्माबादला निघून जायचा आणि दिवस कलताना उलट्या गाडीनं परत यायचा. अमीरबीनं गार्डसाहेबांना हात करकरून विनवलं, गठ्ठा खाली टाका म्हणून. ते मान हलवायचे. चालत्या गाडीतून सामान टाकायचं नाही, हा कायदा. त्यांचं तरी काय चुकलं?

अशात एका सकाळी बाजारचा एक व्यापारी नांदेडहून बसनं उतरला. पेपरची गाडी फौजेच्या गाडीमागं नांदेडला अडकली होती, म्हणून बस आधी पोचली. नांदेड स्टेशनच्या स्टॉलवर त्यानं घाईत एक मथळा वाचला होता. नांदेड जिल्ह्यातला जवान गुरुपादप्पा धारातीर्थी पडला. एवढंच. पुढचं वाचायला तो थांबला नाही.

गुरुपादप्पा माझे वडील. सीमेवर होते.

बातमी घरी पोचली. आई, शिवम्मा, चुलीपुढं होती. मी तिच्या पोटात होतो. माझी चुलत आजी गुरम्मा आक्रोश करत आली, बायका जमल्या, आणि कोणीतरी आईचा हात धरला. बांगड्या फोडायला. तेव्हा अमीरबी दारातून आत शिरली आणि आईचा दुसरा हात धरला. ती म्हणाली, "गाडी येऊ द्या. पेपर माझ्या हातात येऊ द्या. मग काय करायचं ते करा."

गुरम्मा आजी म्हणाली, गाडी कुठं थांबती? अमीरबीनं आईला घेऊन तडक स्टेशन गाठलं. मागोमाग निम्मं गाव.

मंडळी, गाडी थांबत नसली तरी तिला हळू व्हावंच लागायचं. पुढची वाट मोकळी असल्याची खूण म्हणून ड्रायव्हरला चालत्या गाडीतून एक लोखंडी कडं उचलावं लागे. अमीरबीनं आईला नेमकं फलाटाच्या त्या टोकाला उभं केलं. स्टेशनमास्तर ओरडत आले, मागं सरा म्हणून. पण आईचं तोंड पाहिलं आणि ते तिच्याशेजारीच उभे राहिले.

गाडी आली. इंजिन गेलं, डबे गेले. शेवटच्या डब्याच्या दारात गार्डसाहेब. अमीरबी गाडीसोबत धावत होती. तिनं आईकडं बोट केलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "साब, गठ्ठा फेको! इसके आदमी की खबर है उसमें!"

गार्डसाहेबांनी आईकडं पाहिलं. आत गेले. गाडी फलाट सोडणार, तोच गठ्ठा बाहेर आला! सुतळी तुटली, पेपर वाऱ्यावर उडाले, आणि सगळं गाव त्यांच्यामागं धावलं. कोणी रुळात, कोणी बाभळीत. स्टेशनमास्तरांनी एक अंक पकडला आणि मोठ्यानं वाचू लागले. जवान गुरुपादप्पा, राहणार तालुका देगलूर. मागं आई नीलम्मा.

नाव तेच. माणूस दुसरा.

फलाटावर एकच जल्लोष उठला. कोणी साखर आणायला पळालं. आई मात्र खाली बसली. आधी हसली, मग ढसाढसा रडली. म्हणाली, "साखर नका वाटू. त्या माउलीकडं आज कोण असंल?"

लढाई संपली. दुसऱ्याच दिवशी या दोघी, एक पोटुशी आणि एक बुरख्यातली, एसटीनं देगलूरला निघाल्या. पुढं नीलम्मांच्या गावापर्यंत बैलगाडी. सोबत दोन पेपर. एकात तिच्या लेकाची बातमी, दुसऱ्यात लढाई थांबल्याची. नीलम्माला वाचता येत नव्हतं. अमीरबीनं तिचं बोट धरून लेकाच्या नावावर ठेवलं. ती कितीतरी वेळ ते बोट तिथून काढेना. मग दुसऱ्या पेपरकडं पाहून तिनं विचारलं, ह्याच्यात कोणाचं हाय? आईनं सांगितलं, लढाई थांबली.

नीलम्मा म्हणाली, "मंजी उद्याच्या पेपरात कोणाच्या लेकराचं नाव न्हाई?"

अमीरबी म्हणाली, "न्हाई अव्वा. उद्या कोणाचं न्हाई."

तेव्हा कुठं ती माउली मोकळी होऊन रडली. दोघींच्या मधे बसून.

वडील उन्हाळ्यात रजेवर आले. आई मला घेऊन स्टेशनावर गेली होती; तिथूनच मला मांडीवर घेऊन ते आधी देगलूरला नीलम्माकडं गेले, मग घरी आले. पेपर विकणं म्हणजे काय, हे खाला, आम्ही तुझ्याकडून शिकलो. अर्शी, बेटा, ठेला सांभाळ.

संयोजकांनी मला बोलावलं, आपण इतकं जीव लावून ऐकलंत, मी आपणा सर्वांचा आभारी आहे. भावनेच्या भरात कोणा मान्यवरांचा उल्लेख राहिला असेल, एखादा शब्द इकडचा तिकडं झाला असेल, तर घरचा समजून पदरात घ्या. जेवणं खोळंबलीत, त्याचा दोषही माझाच. अध्यक्षमहाराज, रजा घेतो.