फक्त लाल फोटोतला ठिपका

"नियम साहेबांचा, चूक साहेबांची, आणि नोटीस मला!" दाताच्या दवाखान्यात शेजारची बाई भावावर कडाडली.

"ताई, दाढ दुखतेय ना? तोंड मीट जरा."

"दुर्बिणीने आकाशाच्या एकाच जागेचे निळ्या आणि लाल काचेतून काढलेले फोटो तपासते मी. ठिपका निळ्या फोटोत नसेल, फक्त लालमध्ये असेल, तर कॅमेऱ्याचा डाग समजून पुसायचा. लेखी नियम!"

"मग?"

"अरे, सगळ्यांत दूरच्या, विश्वाच्या सुरुवातीच्या दीर्घिका शोधतोय आम्ही. येता येता त्यांचा प्रकाश लाल होतो. निळ्यात दिसतील कशा?"

"बोलली नाहीस?"

"तीनदा लिहून दिलं. म्हणाले, 'डोकं चालवू नका, पुसा.' आता दुसऱ्या संस्थेला त्याच जागी दीर्घिका सापडली, तर साहेब नोटीस काढून विचारतात, पुसली कोणी?"

"उत्तर काय देणार?"

"मी का देऊ? नियमाखाली सही कोणाची, ते आधी त्यांनी सांगावं!"