लाल शाईची दुरुस्ती

काय म्हणलास? लाल शाईचं चालत न्हाई? पुन्हा म्हण बरं. वकील म्हणतोय, काळ्या शाईतलं तेवढं खरं, लाल शाईतलं समदं खोटं — म्हंजी हे घर तुझं! वा रे वा! बस, उठू नको. चांगुणा साळंतून यायला अजून येळ हाय, तवर ऐकून घे. तुला आता निवृत्ती म्हणू का साहेब म्हणू? चड्डीवर होतास तवापास्नं या वहिनीच्या हातची भाकर खाल्लीस, आन् मी येडी ती येडीच — तुझे दादा गेल्यावर त्यांचं मृत्युपत्र तुझ्याच हातात दिलं. का? तर सख्खा धाकटा भाऊ, कलेक्टर कचेरीत कारकून, याला कागदातलं कळतंय. म्हणलं, जा बाबा, घराला माझं आन् पोरीचं नाव लावून आण. आन् तू नाव लावायचं सोडून वकील गाठलास!

दे इकडं तो कागद. दे म्हणते. मला वाचता येतंय, तुझ्या दादांनीच शिकवलं. हे बघ — बहात्तर साल, दुष्काळातलं. काळी शाई. 'मी ग्यानोबा, प्राथमिक शिक्षक, राहणार लातूर, जिल्हा उस्मानाबाद...' — हं — '...माझ्या पश्चात माझे घर बंधू निवृत्ती यास मिळावे.' खाली दोन साक्षीदार. झालं? आता लाल बघ. चौऱ्याहत्तर — 'बंधू निवृत्ती' खोडलं, वर 'पत्नी पारूबाई'. शहात्तर — 'व कन्या चांगुणा'. बारा दिवसांची होती, तिला मांडीवर घेऊन लिहिलं. ब्याऐंशी — नवा जिल्हा झाला, तुला नोकरी लागली, तू गल्लीभर पेढे वाटून राहिलास, आन् हे काय करून राहिले? 'उस्मानाबाद' खोडून 'लातूर'! जिल्ह्याचं नावसुदिक चुकू दिलं न्हाई माणसानं. दर दुरुस्तीला तारीख, दर दुरुस्तीला सही. वीस वर्सं पोरांच्या वह्या तपासल्या त्यांनी, लाल शाई लागली की चूक मिटली — त्यांना काय ठाऊक, कोर्टाला दर लाल अक्षराला पुन्हा दोन साक्षीदार लागतात म्हून!

...ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, ठाऊक होतं त्यांना. हसू नको! गेल्या पोळ्याला दोन मास्तर घेऊन आले घरी — बसलिंगप्पा मास्तर आन् अण्णाराव मास्तर — म्हणाले, पारू, पेटीतला कागद काढ, यांच्या सह्या घेऊन टाकू. मी चहा ठेवला. पेटीची किल्ली? म्हणलं, हरवली. समदं घर हुडकलं त्यांनी, पिठाच्या डब्यात हात घातला, हातरुणं झटकली, आन् किल्ली माझ्या कनवटीला. मास्तर चहा पिऊन गेले. म्हणलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलवा पुन्हा. सुट्टी लागायच्या आधीच हे गेले.

का लपवली? तुला का सांगू? — मघा वाचताना मी एक ओळ गाळली, ते तुला बी कळलंय, तोंडावरून दिसतंय. मंग वाच तूच. मोठ्यानं वाच. न्हाई वाचत? मी वाचते. 'माझी पत्नी माझ्या मर्जीविरुद्ध घर सोडून गेली असल्याने तिचा कोणताही हक्क राहणार नाही.' हाव, गेले होते! माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता पडली, आठ रोज जाऊन येते म्हणलं, हे न्हाई म्हणाले, मी गेले. आन् आठ रोजाचं दीड वरीस केलं — आई तं महिन्यात बरी झाली होती. हट्ट. नुसता माझा हट्ट. तवा तुला हेच भात शिजवून घालत होते, साळा करून. नंतर ही ओळ खोडली त्यांनी — पण मास्तरांचं खोडणं ते, एक बारीक रेघ! खालचं अक्षर न् अक्षर वाचता येतंय. म्हणलं, दौत उपडी करा तिच्यावर. न्हाई म्हणाले — चूक दिसली पाहिजे पारू, तवाच दुरुस्ती कळती. यांची दुरुस्ती! आन् ते दोन मास्तरांनी वाचायचं, त्यांच्या बायकांनी नळावर बोलायचं, उद्या माझ्या पोरीला कुणी इचारायचं? जळो ती लाज. एका ओळीपायी पोरीच्या डोक्यावरचं छप्पर घालवलं मी. जा, सांग वकिलाला, वहिनीनं हे बी कबूल केलं. तवा हितं रानटी बाभळी होत्या, ही दोन पत्र्यांची खोली तुला नको होती. आता दारावरनं कचेरीचा रस्ता गेला, तवा बरं भावाचं काळं अक्षर गोड लागून राहिलं तुला!

थांब. चपला घालू नको. अजून एक लाल ओळ हाय, पार तळाला, ती वकिलानं तुला दाखवली न्हाई वाटतं. गेल्या साली लिहिली. 'बंधू निवृत्ती यास माझी सायकल द्यावी. त्याची कचेरी लांब आहे.' वाचलीस? ती बघ, भिंतीला टेकून हाय. रोज पुसते मी, हवा भरून ठेवलीय. काळ्या शाईत सायकलीचं नाव न्हाई, नुसतं घर हाय. सायकल लाल शाईतच. कोर्टाचं कोर्टापाशी — मी त्यांची लाल शाई मानते, म्हून सायकल तुझी. ने. पण नेलीस तं तू बी मानलीस, आन् घराचं नाव पुन्हा काढायचं न्हाई. आन् न्हाई नेलीस तं माझ्या तोंडावर म्हण, की माझा भाऊ खोटं लिहून मेला.

खाली काय बघून राहिलास? पोरगी येईल आता, तिच्यापुढं मला बोलायचं न्हाई. घे. ते हँडल धर. धर ना, निवृत्ती — हां, तसं —

हात का मागं घेतलास?